छत्रीचा साचा

आमच्या दुकानाची एक पद्धत आहे, ती आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आम्ही अधू पायांचे बूट करतो. एक पाय आखूड, पाऊल आत वळलेलं, बोटं जन्मापासून चिकटलेली, अपघातात टाच गेलेली, असे पाय. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पावलांचे लाकडी साचे करतो आणि ते भिंतीवरच्या फळीवर ठेवतो. साच्यावर नाव घालायचं नाही, हा आमच्या वडिलांचा दंडक. नावाच्या जागी चित्र कोरायचं. मासा, किल्ली, चंद्र, बदक. कुठलं चित्र कुणाचं ते फक्त घरच्यांना ठाऊक. आणि माणूस वारलं की त्याचे साचे कागदात गुंडाळून त्याच्या घरी पोचवायचे. त्याआधी ते दुकानाबाहेर जात नाहीत.

बूट माझा मोठा भाऊ करतो. मापं मी घेते. बायकांची मापं पडद्याच्या आत, आणि त्या पडद्याच्या आत भावालाही मज्जाव. मी लग्न केलं नाही. चाळीस वर्षं लोकांचे पाय बघण्यात गेली, तोंडं बघायला सवड कुणाला होती?

छत्रीबाई आमच्याकडे आल्या त्याला एकतीस वर्षं झाली. बाहेर रखरखीत ऊन, आणि ही तरुण बाई मिटलेली काळी छत्री टेकत टेकत दारात उभी. मी आपली बावळटासारखी म्हटलं, अहो, ऊन आहे तर उघडा ना ती. त्या हसल्या. मग पडद्याच्या आत बसल्यावर कळलं की छत्री उन्हासाठी नव्हतीच. डावा पाय दीड बोट आखूड होता. काठी घेतली की लोक विचारतात, छत्रीबद्दल कुणी विचारत नाही. शाळेत नुकत्याच लागल्या होत्या, चौथीच्या वर्गावर, आणि सगळ्यांत लहान म्हणून मुख्याध्यापकांनी कवायत त्यांच्या गळ्यात मारली होती. मी विचारलं, नाही का म्हटलं नाहीत? तर म्हणाल्या, नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

भावाने तीन आठवडे घेतले. डाव्या बुटात टाचेखाली कॉर्कचे थर, थोडी उंची तळव्यात, आणि उजवा बूट वरून उगाच फुगवलेला, म्हणजे दोन्ही सारखे दिसावेत. ते घालून त्या पडद्यापासून भिंतीपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. असं सात-आठ वेळा केलं. मग माझा हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मलाच रडू आलं. जाताना छत्री आमच्या कोपऱ्यात विसरल्या. साच्यावर कुठलं चित्र कोरायचं हा प्रश्नच उरला नाही.

तेव्हापासून दर आठ-नऊ महिन्यांनी नवा जोड. दर वेळी मी म्हणायचे, तुमची छत्री न्या हो, जागा अडते. दर वेळी त्या म्हणायच्या, ताई, पुढच्या वेळी नेते. ही आमची थट्टा एकतीस वर्षं चालली. घरची सुखदुःखं मला सांगितली, सासू गेली तेव्हा माझ्याकडे येऊन रडल्या, पण पायाचं शाळेत कुणाला कळलं नाही. दर सकाळी मुलांच्या पुढे ताठ चालत डावा-उजवा, डावा-उजवा करत राहिल्या. मला मैत्रिणी फार नाहीत, माझं तोंड फटकळ आहे. ही एक होती.

आता दुकानाचं. जुनी गिऱ्हाइकं म्हातारी झाली आणि एकेक करून निघाली. मागच्या वर्षी आम्ही नऊ घरी साचे पोचवले आणि नवे कोरले फक्त दोन. फळी बोळक्यासारखी दिसायला लागली. भाऊ म्हणाला, माझे हात चालतात तोवर चालवू, मग कुलूप. मला ते ऐकवेना. तेवढ्यात भाची आली. भावाची मुलगी, मोठ्या शहरात राहते आणि लहान धंद्यांना सांगते की फोनवरच्या कुठल्या ॲपवर आपलं दुकान मांडायचं. मी म्हटलं, वा, यालाही पगार देतात का? ती म्हणाली, देतात, आणि आत्या, तुझ्याकडून तर मी चहावर भागवते आहे.

मला वाटलं होतं, आली की फोन काढेल आणि पटापटा फोटो काढेल. छे. तिने तीन दिवस नुसतं विचारलं. आपल्याकडे येतं कोण? त्यांना आपला पत्ता कुणी दिला? पहिल्यांदा येतात तेव्हा एकटे येतात की कुणाला घेऊन? आल्यावर दारात थांबतात की आधी पुढे जाऊन मागे वळतात? हा शेवटचा प्रश्न ऐकून मी चमकले, कारण सगळेच आधी पुढे जातात. आधी समोरच्या दुकानाची काच बघितल्यासारखं करतात, रस्ता मोकळा झाला की आत शिरतात. चौथ्या दिवशी तिने जमिनीवर मोठा कागद पसरला. एका बाजूला सगळी ॲपं लिहिली, फोटोंचं, छोट्या व्हिडिओंचं, वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्यांचं, नोकरदारांचं, आणि साधं निरोप पाठवायचं. मग एकेकावर काट मारत गेली. फोटोंवर काट. व्हिडिओंवर दोनदा काट. उरला निरोपांचा नंबर, नकाशावर दुकानाचा पत्ता आणि वेळ, आणि हाडांच्या डॉक्टरांसाठी माहितीचं एक साधं पान.

एवढंच? माझा चेहराच पडला. मी म्हटलं, एवढ्यासाठी कागद कशाला नासलास? तर ती कागदावरून वर बघून म्हणाली, "आत्या, आपलं गिऱ्हाईक लपून शोधतं. ते चारचौघांत हृदयाचं चित्र दाबायला येणार नाही. आपण अशा ठिकाणी असायचं की त्याने एकट्याने विचारावं आणि आपण एकट्यालाच उत्तर द्यावं."

भावाने मान हलवली. त्याला पटलं. मला नाही पटलं, आणि खरं कारण आज सांगते, तेव्हा सांगितलं नाही. समोर चकचकीत बुटांचं दुकान आहे. तिथली काउंटरवरची मुलगी रोज बूट नाचवत व्हिडिओ करते. तिला बूट शिवता येत नाही, तुटका बंद लावता येत नाही, पण रस्त्याने जाणारे तिला ओळखतात, थांबून फोटो काढतात. आणि मी? लंगडणाऱ्याला सरळ चालवते, चाळीस वर्षं, आणि ते बघितलं कुणी? एका पडद्याने. मला बघितलं जायचं होतं हो. या वयात. सांगायला लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

भाचीचा बेत हळूहळू चालू झाला. पाच आठवड्यांत चार निरोप आले, त्यातले दोघे दुकानात आले. मी नाक मुरडलं. ती म्हणाली, धीर धर.

तिने आणखी एक चांगली गोष्ट केली. तिला कळलं की भाऊ पडद्याच्या आत येत नाही, म्हणजे बायकांची चाल त्याला दिसतच नाही, मी सांगते त्यावर तो अंदाज बांधतो. ती म्हणाली, गुडघ्याच्या खालचा छोटा व्हिडिओ काढत जा, अनवाणी चालताना आणि नव्या बुटात चालताना. बाबांना दाखवायचा, काम झालं की पुसून टाकायचा. भावाला तर हुरूपच आला. त्या महिन्यात छत्रीबाई आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं. त्या जरा थबकल्या. पडदा सरळ करत म्हणाल्या, "फक्त दादांसाठी ना?"

मी म्हटलं, "फक्त दादांसाठी."

भावाने तो व्हिडिओ वीसदा बघितला. म्हणाला, एकतीस वर्षं मी कॉर्क एक सूत मागे लावत होतो आणि ही बाई बिचारी बोलली नाही. त्या वेळचा जोड त्यांचा सगळ्यांत उत्तम झाला. तो घालून चाललेलाही व्हिडिओ मी काढला. पुसायचे होते दोन्ही. राहून गेले. खरंच राहून गेले, तेव्हा मनात काही नव्हतं.

मग भाची आठ दिवसांसाठी तिच्या कामाच्या गावी गेली. दुकानाचा फोन माझ्या हाती देऊन बजावून गेली की फक्त निरोपांना उत्तरं द्यायची. शेजारी झेरॉक्सवाला बसतो, त्याला नसते उद्योग फार. मी त्याला विचारलं, व्हिडिओंच्या ॲपवर दुकान काढायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं, म्हणाला, आणि सात मिनिटांत काढून दिलं. मी तयार बुटांचा एक व्हिडिओ काढून त्यावर टाकला. दोन दिवसांत चौदा जणांनी बघितला. त्यातली तीन वेळा मीच. समोरची मुलगी एका दिवसात हजारोंनी मोजते आणि माझ्या चाळीस वर्षांना चौदा. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी फोन चाळत बसले होते आणि ते दोन व्हिडिओ दिसले. आधी अनवाणी, डावा खांदा बुडावा तसं पाऊल बुडतंय. मग बुटात, सरळ. मी मनाशी म्हटलं, यात तोंड आहे का? नाही. नाव आहे का? नाही. गुडघ्याच्या खालचे दोन पाय, कुणाचेही असू शकतात. झेरॉक्सवाल्याने ते एकापुढे एक जोडून दिले. मी खाली लिहिलं, एकतीस वर्षं पडद्याआड केलेलं काम. आणि बोट दाबलं.

संध्याकाळी दुकान बंद करेपर्यंत चार हजार. दुसऱ्या दिवशी दीड लाख. लोक लिहीत होते, हात आहेत की जादू, डोळ्यांत पाणी आलं, पत्ता द्या. फोन वाजायचा थांबेना. समोरची मुलगी स्वतः रस्ता ओलांडून आली आणि म्हणाली, काकू, तुम्ही तर मला मागे टाकलं. मी असं दाखवलं की मला त्याचं काही नाही, आणि आतून मी दोन वीत वर चालत होते. भावाने विचारलं, एवढे फोन कसले? मी म्हटलं, तुझ्या मुलीने मांडलंय ना दुकान, त्याचे. पहिल्यांदा त्याच्याशी खोटं बोलले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते वाचलं. कुणी एका बाईने लिहिलं होतं, ही चाल मी कुठेही ओळखीन. आम्हाला कवायत यांनी शिकवली, वर्षभर यांच्या पायांकडे बघत आम्ही पाऊल टाकलं. या आमच्या चौथीच्या बाई. बाई, आम्हाला कधी कळलंच नाही हो.

खाली तिच्याबरोबरच्यांनी लिहिलेलं. अरे हो, बाईच. डाव्या पायाने सुरुवात करताना त्या किंचित थांबायच्या, आठवतं? कुणी लिहिलं, मी परदेशात आहे आणि ऑफिसात बसून रडतोय. कुणी शाळेचं नाव घातलं. एकही वाकडा शब्द नव्हता. सगळी माया होती.

त्या क्षणी पुसून टाकायचं होतं. बोट तिथेच होतं. तेवढ्यात फोन वाजला. मोठ्या हॉस्पिटलातले कुणी डॉक्टर होते, व्हिडिओ बघून फोन केला होता, म्हणत होते की आमच्याकडचे सगळे पेशंट तुमच्याकडे पाठवू, फक्त आमच्या बाकीच्या डॉक्टरांना आज मीटिंगमध्ये हा व्हिडिओ दाखवतो. मी फळीकडे बघितलं, त्या रिकाम्या जागांकडे. म्हटलं, दाखवा. मनाशी म्हटलं, संध्याकाळी पुसते. एका दिवसाने काय होतंय? सगळे चांगलंच तर बोलताहेत. छत्रीबाईंना कुठे हे ॲप वापरता येतं?

संध्याकाळी भाचीचा फोन आला. तिलाही कुणीतरी तो पाठवला होता. ओरडली नाही. फक्त विचारलं, आत्या, त्यांना विचारलंस? ती म्हणाली, आत्ता पूस. मी पुसला. पण तोवर तो किती जणांनी आपापल्या फोनात घेऊन पुढे पाठवला होता, ते आता देवालाच माहीत.

भावाला सांगावं लागलं. तो चामडं कापायची रापी हातात घेऊन बसला होता. त्याने ती पुसून जागेवर ठेवली, चष्मा काढला आणि पडद्याकडे बघत राहिला. मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी शाळा सुटायच्या वेळेला छत्रीबाई आल्या. दुकानात पाच-सहा नवी माणसं बसलेली. त्या पुढे जाऊन मागे वळल्या नाहीत, थेट आत आल्या. मी उठले, खुर्ची दिली, पाणी आणलं. त्या बसल्या नाहीत, पाण्याला हात लावला नाही. मी त्यांना पडद्याच्या आत चला म्हटलं, तर म्हणाल्या, आता पडदा कशाला?

शाळेत काय झालं ते त्यांनी सांगितलं, अगदी हळू, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मुख्याध्यापिकेने सकाळी सगळ्या शाळेसमोर त्यांना पुढे बोलावलं. बाई किती धीराच्या आहेत ते मुलांना सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, उभं राहून. आणि मग त्यांना मायेने सांगण्यात आलं की उद्यापासून कवायत दुसऱ्या बाई घेतील, तुम्हाला आता त्रास नको, एवढी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत? मधल्या सुट्टीत दोन लहान मुलं त्यांची पिशवी उचलायला धावली.

मी म्हटलं, चुकलं माझं. चुकलं, चुकलं, इतकंच. मी त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी पिशवी त्या हातात घेतली.

"माझे साचे द्या," त्या म्हणाल्या.

भाऊ उभा राहिला. मी म्हटलं, "बाई, ते आम्ही माणूस गेल्यावर देतो."

"माहीत आहे. तुमचीच पद्धत आहे. द्या."

मी भावाकडे बघितलं. वाटलं, तो नाही म्हणेल. तो स्टुलावर चढला, छत्रीचे साचे खाली काढले, सदऱ्याच्या बाहीने पुसले आणि कागदात गुंडाळले. दोरी बांधताना गाठ दोनदा सुटली. त्याने पुडकं दोन्ही हातांनी त्यांना दिलं. एकतीस वर्षांत ती दोघं समोरासमोर बोलली असतील दहा वाक्यं. त्या त्याला म्हणाल्या, दादा, हा शेवटचा जोड फार छान झाला.

मग माझ्याकडे वळल्या. "मी नाहीच म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "पण एकदा विचारायचं होतं."

ताई म्हणाल्या नाहीत. दारापर्यंत गेल्या, थांबल्या, परत आल्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, निदान भांडतील तरी. त्यांनी कोपऱ्यातली छत्री उचलली, तिच्यावरची धूळ झटकली आणि गेल्या.

त्याला दहा महिने झाले. दुकान बंद पडलं नाही, उलट भावाने दोन कारागीर हाताखाली घेतले आहेत. हॉस्पिटलातून माणसं येतात. फळी भरत आली, चित्रं पुरेनाशी झाली, परवा एका साच्यावर बादली कोरली. भाचीने व्हिडिओंचं ते दुकान बंद केलं आणि निरोपांचा नंबर तेवढा ठेवला. माझ्याशी ती नीट बोलते, पण फोन माझ्या हाती देत नाही. भाऊ छत्रीच्या जागेवर दुसरा साचा ठेवू देत नाही.

मी बाईंच्या घरी दोनदा गेले. दार त्यांच्या मुलाने उघडलं, आई झोपली आहे म्हणाला, दोन्ही वेळा. माझ्या हाताला त्यांच्या पावलाचं माप पाठ आहे. भावाने त्यावरून साच्याशिवाय एक जोड केला, कॉर्क एक सूत पुढे लावून. मी तो त्यांच्या दारात ठेवून आले. आठवड्याने तो आमच्या दारात होता, खोकं न उघडलेलं.

आमचा जोड आठ महिने चालतो, फार तर नऊ. मग डावी टाच बाहेरच्या अंगाने झिजते. हे मी मनात मोजत होते. काल अकराच्या सुमारास मी एका नव्या मुलीचं माप घेत होते. ती उजेडात बसायचं म्हणाली म्हणून पडदा अर्धा उघडा होता. समोरच्या फुटपाथवरून छत्रीबाई चालल्या होत्या. लख्ख ऊन होतं. काळी छत्री मिटलेली, हातात, आणि प्रत्येक पावलाला तिच्यावर भार. डावा खांदा बुडत होता, वर येत होता, बुडत होता. समोरच्या काचेपाशी त्या जरा टेकल्या, दम घेतला. दुकानाकडे बघितलं नाही. मग पुढे गेल्या.

माझ्या हातात त्या मुलीचं पाऊल होतं. मी ते धरूनच बसले, माप कुठवर घेतलं ते विसरले. मुलीने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग संकोचत विचारलं, "काकू, तो व्हिडिओ टाकणाऱ्या तुम्हीच ना?"

मी म्हटलं, हो, मीच. आणि उठून पडदा पुरता ओढून घेतला.